शेव केल्याशिवाय उठायचं नाही

भाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्यावर रुसलेलो होतो. जळगावच्या आमच्या घराला नुकताच नवा रंग दिला होता आणि मोठ्या हौसेनं त्याचा फोटो मी त्यांना पाठवला होता. उत्तर आलं, “रंग चांगला आहे. दवाखाना कधी सुरू होतोय?” मग मी काही दिवस मुद्दामच फोन केला नाही. आणि एका सकाळी त्यांच्या मुलीचा, वैशालीचा फोन आला. “काका, भाऊ गेले. झोपेतच...” अशा वेळी काय बोलायचं असतं ते मला कधीच जमलेलं नाही. माझ्या तोंडून निघालं, “अगं, पण मला अजून त्यांना उत्तर द्यायचं होतं.” पलीकडे ती पोरगी रडता रडता हसली. म्हणाली, “माहीत आहे. फोटो सगळ्या घराला दाखवला त्यांनी. वाट बघत होते तुमच्या फोनची.” आता महिना उलटून गेला. उत्तर काही सुचलेलं नाही. सुचलं असतं तरी शेवटचा शब्द त्यांचाच राहिला असता, आमच्या शिक्षकखोलीत तो वर्षानुवर्षं राहिला तसा.

सुधाकर चौधरी हे त्यांचं नाव फक्त पगारपत्रकात होतं. धरणगावच्या आमच्या हायस्कूलात शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे त्यांना भाऊच म्हणत. ते चित्रकला शिकवायचे, मी विज्ञान. पंच्याऐंशीच्या आसपास मी नोकरीला लागलो आणि पहिल्याच आठवड्यात फळ्यावर बेडकाची आकृती काढून ठेवली, आतडी, यकृत, सगळं नावांनिशी. पुढचा तास भाऊंचा. ते दारात थांबून फळ्याकडं बघत राहिले. म्हणाले, “हा उडी मारणार नाही.” मी म्हटलं, “भाऊ, तो कापलेला आहे.” “कापण्याआधी तर मारत असेल ना?” म्हणाले, आणि खडू घेऊन त्यांनी बेडकाच्या मागच्या पायाला एक बाक दिला. बेडूक पोट उघडं टाकून उडायच्या तयारीत बसला. वर्ग हसला, मी चिडलो, आणि त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी वाणी सर राहिलो नाही, ‘विज्ञान’ झालो. “काय विज्ञान, चहा?” अशी हाक यायची. मी तुम्ही म्हणायचो, ते तू म्हणायचे, आणि भांडण रोज असायचं.

त्यांच्या तासाला खोडरबर न्यायला बंदी होती. रेघ चुकली की मुलं हवालदिल होऊन बघायची आणि भाऊ म्हणायचे, “चुकली ना? मग आता तिचंच काहीतरी कर.” कोणाच्या बैलाचं शिंग आभाळात गेलं की त्याची फांदी व्हायची, फांदीवर एखादा कावळा यायचा. ड्रॉइंगच्या सरकारी परीक्षेपुरती ते खोडरबरची परवानगी द्यायचे, तर पोरांना तो वापरायची सवयच नसे. रबर बिचारा कोराच्या कोरा घरी परत यायचा.

शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमारास शाळेला एका माजी विद्यार्थ्यानं तीन कॉम्प्युटर दिले. जळगावला जाऊन मी त्याचं प्रशिक्षण घेऊन आलो होतो, म्हणून खोलीची किल्ली माझ्याकडं आली. किल्ली मिळाली की माणूस जबाबदार होत नाही, नुसता घाबरट होतो. मी ते कॉम्प्युटर फुलाफुलांच्या खोळी घालून कुलपात ठेवले आणि दर शनिवारी उघडून फक्त धूळ झटकली. अशाच एका शनिवारी भाऊ आत डोकावले. मी फुशारकीनं चित्र काढायचा प्रोग्राम उघडून दाखवला. त्यांनी माऊस हातात घेतला, एक रेघ ओढली आणि विचारलं, “याला शाईच लागत नाही?” मग त्यांनी बैल काढायला घेतला. हा माणूस फळ्यावर एका दमात, खडू न उचलता बैल काढणारा... आणि पडद्यावर आली ती शेळी, तीही पाय मोडलेली. मला वाटलं, आता हे वैतागून उठतील. तर त्यांचा चेहरा लहान मुलासारखा फुललेला. “विज्ञान, इतक्या वर्षांनी हात पुन्हा बिघडला बघ. आता पहिल्यापासून शिकावं लागेल.” जेवायला घरी जायचंही ते विसरले. वहिनी डबा घेऊन शाळेत आल्या आणि मला बोलणी खावी लागली.

त्याच वर्षी भाऊंची नोकरी मात्र धोक्यात आली होती. आठवीची एक तुकडी बंद झाली, चित्रकलेच्या तासिका कमी पडल्या, आणि ज्याच्या तासिका कमी पडतात तो शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो. अतिरिक्त ठरलेल्याला संस्था आपल्या दुसऱ्या शाळेत पाठवते. ती दुसरी शाळा होती शिरपूरच्याही पुढं, सातपुड्याच्या पायथ्याला. तिथं कॉम्प्युटर सोडाच, दिवसाउजेडी वर्गात लाईट येईल याचीही खात्री नव्हती. भाऊ जन्मले धरणगावात, वैशाली आमच्याच शाळेत सहावीला, आणि आता तर त्यांना ती तीन यंत्रं सापडलेली. त्यांनी मुख्याध्यापकांकडं जाऊन सांगितलं, मी संगणक चित्रकलेचा वर्ग काढतो. मुख्याध्यापक सरळ माणूस. म्हणाले, “चालवून दाखवा. जानेवारीत संस्थेची मंडळी बघायला येतील. त्यांना पटलं तर त्या तासिका तुमच्या नावावर धरता येतील का ते बघू.” म्हणजे भाऊ धरणगावात राहतात की जातात, हे आता त्या वर्गावर अवलंबून होतं.

मुलं तीस, यंत्रं तीन. बाकीच्यांनी काय करायचं? भाऊंनी पहिल्याच दिवशी नियम सांगितले, आणि तसले नियम मी प्रशिक्षणात काय, कुठंच ऐकले नव्हते. आधी तोंडानं काढायचं, हा पहिला. रांगेत उभ्या असलेल्या मुलानं आपलं चित्र मागच्याला बोलून दाखवायचं: काय आहे, कुठून सुरू होतं, केवढं आहे, मागं काय आहे. मागच्यानं डोळे मिटून ऐकायचं. त्याला दिसलं तर पुढच्याला कॉम्प्युटर मिळणार, नाही दिसलं तर तो रांगेच्या शेवटी. खोलीत सारखं ऐकू यायचं, “दिसनं का?” “नही दिसनं.” “मंग मांगे जाय.” एकदा एका पोराचं हिमालयाचं चित्र कोणालाच दिसेना, कारण त्यालाही ते दिसत नव्हतं. तीनदा मागं गेल्यावर त्यानं घरचा गोठा सांगायला घेतला आणि रांगेतल्या पाच-सहा जणांना शेणाचा वासही आला. दुसरा नियम, कोणाच्या चित्राला ‘छान’ म्हणायचं नाही, त्यात काय दिसतं ते सांगायचं. आणि तिसऱ्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. झालेली चूक मागं घ्यायचं बटण मी मुलांना मोठ्या अभिमानानं शिकवलं होतं. भाऊंनी त्यावर बंदी घातली. मी म्हटलं, “अहो, चूक पुसता यावी म्हणून तर हे यंत्र आहे.” ते म्हणाले, “यंत्राला सोय आहे म्हणून आपण लाज सोडायची का?”

शेवेचा नियम नंतर आला. लाईट जायची, केव्हाही जायची, आणि मुलांचं तासाभराचं काम एका क्षणात नाहीसं व्हायचं. दोन मुली एकदा इतक्या रडल्या की मलाच कसंतरी झालं. मग भाऊंनी सगळ्यांना डायरीत लिहून घ्यायला सांगितलं. मी ‘सेव्ह’ म्हणायचो, त्यांच्या जिभेवर त्याचं ‘शेव’ व्हायचं, आणि फळ्यावरही त्यांनी तसंच ठणठणीत अक्षरात लिहिलं: ‘काम झाल्यावर प्रत्येकाने शेव करावी. शेव केल्याशिवाय उठू नये.’ आता आपल्या खान्देशात शेव करणं म्हणजे काय, हे मी सांगायला नको. बेसन, सोऱ्या आणि तेलाची कढई. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या फाटकात एक बाई मोठा डबा घेऊन उभ्या. भाऊंना म्हणाल्या, “सर, पोर सांगे, शेव करी लई जानी शे. मंग करी दिधी. कमी पडनी ते सांगा.” पाठोपाठ दुसऱ्या आल्या, मग एका मुलाचे आजोबा आले. त्यांनी विकतची आणली होती आणि ती चालेल का, याची त्यांना काळजी पडली होती. भाऊंनी सगळ्यांकडून डबे घेतले, एकालाही चूक सांगितली नाही, फक्त माझ्याकडं बघून म्हणाले, “विज्ञान, पाव सांग.” आठवडाभर शिक्षकखोलीत दुसरा पदार्थ नव्हता. मुख्याध्यापकांनी शब्द दुरुस्त करायला सांगितला तर भाऊ म्हणाले, “सर, पुसायचं नाही हा आमचा नियम आहे.” शब्द तसाच राहिला. एक मात्र खरं, त्यानंतर एकही मूल शेव करायला विसरलं नाही. तास संपला की भाऊ विचारायचे, “शेव झाली?” आणि तिन्ही यंत्रांवरून एकदम आवाज यायचा, “झाली सर, तिखट झाली.”

जानेवारीत संस्थेची मंडळी आली. अध्यक्ष आबासाहेब कापसाचे मोठे व्यापारी, त्यांचं स्वतःचं जिनिंग, म्हणजे सरकी काढून कापसाच्या गाठी बांधायचा कारखाना. माणूस मनानं चांगला, पण वेळेला फार जपणारा. बरोबर आणखी दोघं. भाऊंनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता, त्यावरूनच मला त्यांची धास्ती कळली. मंडळी खुर्च्यांवर टेकली, मुलांनी यंत्रं सुरू केली, पडद्यावर रंग उमटायला लागले... आणि लाईट गेली. मुलांनी इतके महिने केलेलं सगळं त्या खोक्यांत होतं. शेव केलेली होती, पण डब्याला झाकण बसलं होतं. मुख्याध्यापक शिपायावर खेकसले, शिपाई उगाचच बाहेर पळाला. आबासाहेबांनी घड्याळ बघितलं. मी भाऊंकडं बघितलं, तर ते शांतपणे आबासाहेबांच्या खुर्चीजवळ गेले आणि म्हणाले, “आबासाहेब, डोळे मिटा.”

संस्थेच्या अध्यक्षाला डोळे मिटायला कोणी सांगत नाही. पण त्यांनी मिटले, बहुतेक आश्चर्यानंच. भाऊंनी नववीच्या मंगलाला हाक मारली. “काढ.” मंगला पोरगी अबोल, तिचा बाप आबासाहेबांच्याच जिनिंगवर कामाला. ती जागेवरच उभी राहिली आणि सांगायला लागली, “जिनिंगनं आंगन शे. खाले माटी, लाल. मांगे पत्राना शेड, तो निळा. मधमा कापूसना ढीग. पन पांढरा रंग मी भरत नही. बाकी बठ्ठा रंग भरसू, मंग कापूस आपोआप दिसई.” ती पुढं सांगत गेली, गाड्या कुठं उभ्या आहेत, सावल्या कुठं पडल्यात. आबासाहेबांच्या कपाळाला आठी पडली. डोळे मिटलेलेच ठेवून त्यांनी तिला अडवलं, “ढीग तठे नही, दारना जोडे शे.” मंगला घाबरली असेल असं वाटलं, पण ती तिच्या चित्रात होती. म्हणाली, “तुम्ना ढीग दारना जोडे व्हई, आबा. मना आठेच शे. त्यानावर मांजर झोपेल शे.” आबासाहेबांनी हात उचलून हवेतच ढीग इकडचा तिकडं सरकवायला घेतला, तोच भाऊ म्हणाले, “आबासाहेब, पुसायचं नाही आमच्याकडं.” मुलं हसली, मग बाकीचे दोघं हसले, मग आबासाहेबही. तेवढ्यात लाईट आली, पंखा फिरायला लागला. आबासाहेबांनी डोळे उघडले नाहीत. त्यांनी विचारलं, “मांजर कोन्ता रंगनी शे?” मंडळी अर्ध्या तासासाठी आली होती, ती जेवणाची वेळ टळून गेली तरी रांगेत उभी राहून मुलांची चित्रं ऐकत होती. त्या संध्याकाळी भाऊ आणि मी चौकात उभं राहून भजी खाल्ली आणि आता सगळं मार्गी लागलं असं समजून मी पैसे दिले. मी पैसे दिले याची भाऊंनी पुढं कायम आठवण करून दिली.

जूनमध्ये शिक्षण खात्याचा कागद आला. संगणक चित्रकला हा ऐच्छिक उपक्रम असल्यामुळे त्याच्या तासिका कामाच्या भारात धरता येत नाहीत. भाऊ अतिरिक्त. मी मुख्याध्यापकांशी भांडलो, आबासाहेबांच्या पेढीवर जाऊन त्यांच्याशीही भांडलो. ते म्हणाले, “मला पटलं होतं रे बाबा, कागदाला पटेना.” मला इतका राग आला होता की मी कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवून आलो. अजूनही त्या कागदाचा विचार आला की माझं डोकं फिरतं, आणि ते फिरू नये असं मला वाटतही नाही. भाऊ मात्र पेटी बांधत बसले होते. मी म्हटलं, “तिथं लाईटसुद्धा नाही, भाऊ.” तर म्हणाले, “मग बरंच की. जायची भीती नाही.”

ते गेले. वर्ष संपता संपता, कपाशीची शेवटची वेचणी चालू असताना, मी एसटी बदलत बदलत त्यांच्याकडं गेलो. शाळेत त्यांचा तास चालू होता. एका भिंतीवर त्यांनी ऑइलपेंटनं कॉम्प्युटरचा पडदा रंगवला होता, पुरुषभर उंच, काळा. कडेनं सगळी खोकी जिथल्या तिथं: ब्रश, पेन्सिल, रंगांच्या चौकटी, आणि कोपऱ्यात मराठीत ‘शेव’. चूक मागं घ्यायचं बटण तेवढं नव्हतं. समोर बाकावर एक मुलगी साबणाची डबी सरकवत होती. डबीला सुतळीची शेपटी. भिंतीपाशी एक मुलगा खडू घेऊन उभा, आणि डबी जिकडं जाईल तिकडं त्याचा खडू जायचा. दोघं मिळून एक कॉम्प्युटर. मागं रांग होती आणि रांगेत चित्रं सांगणं चालू होतं, त्यांच्या बोलीत, मला अर्धंच कळत होतं. उठताना मुलीनं भिंतीपाशी जाऊन शेवेच्या खोक्यावर टिचकी मारली. दर शनिवारी सगळे मिळून भिंत धुवायचे. मी विचारलं, “भाऊ, मग हे पुसणं नाही का?” म्हणाले, “धुणं वेगळं, पुसणं वेगळं. आंघोळीला तू पुसणं म्हणतोस का?” दोन-तीन वर्षांनी धरणगावात जागा निघाली तेव्हा मी स्वतः अर्ज लिहून त्यांच्याकडं सहीला पाठवला. तो सहीविनाच परत आला. खाली एक ओळ, “इथल्या कॉम्प्युटरची लाईट जात नाही.” निवृत्त होईपर्यंत ते तिथंच राहिले.

गेल्या आठवड्यात त्या शाळेनं भाऊंसाठी शोकसभा ठेवली. वैशाली आणि मी गेलो. भाषणं झाली, सगळी अर्थातच ‘छान’ होती. नंतर तिथल्या बाईंनी आम्हाला शाळा दाखवली. नवी इमारत, कॉम्प्युटरची वेगळी खोली, वीस-पंचवीस यंत्रं, आणि आम्ही सगळे चपला-बुटांसकट सरळ आत जाऊन आलो. मग जुन्या वर्गात गेलो. भिंत अजून आहे. दरवर्षी कोणीतरी तिच्या रेघा नव्यानं गिरवतं. आठवीच्या मुली तिथं खडूनं काहीतरी काढत होत्या आणि दाराबाहेर त्यांच्या चपला रांगेत लावलेल्या होत्या. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालायच्या नाहीत हा तेव्हा सगळ्याच शाळांचा नियम होता. धूळ जाते आणि यंत्र बिघडतं म्हणून आम्ही सगळेच तो पाळायचो. इतका अंगवळणी पडलेला की भाऊंच्या नियमांत तो सांगायचंही वर राहून गेलं. पण भिंतीला धुळीचं काय? ह्या मुली भाऊंना कधी भेटलेल्याही नाहीत. मी एकीला विचारलं, “तिकडं खऱ्या कॉम्प्युटरपुढं चपला घालून जाता, मग इथं का काढता?” तिला प्रश्नच कळला नाही. थोडा विचार करून म्हणाली, “तठला कॉम्प्युटर सरकारना शेतस, सर. हाई आम्नी शे.”

वैशालीनं केव्हाच चपला काढल्या होत्या. मी दारातल्या बाकावर बसलो आणि वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागलो. बराच वेळ मान वर केली नाही. गुडघा दुखतोय का, असं वैशालीनं विचारलं, आणि मी हो म्हटलं.